ओपीडीतला एआय स्क्राइब: पावसाळ्यापासून वापरतोय

मी फिजिशियन, गाव तालुक्याचं, पेशंट बहुतेक शुगर-बीपीचे. टेबलावर फोन ठेवला की हे ॲप आमचं बोलणं ऐकतं आणि पेशंट उठेपर्यंत इंग्रजीत केसपेपर तयार करतं. आमची मराठी-हिंदीची सरमिसळ त्याला बरीच कळते.

खरा फायदा नव्या पेशंटच्या हिस्ट्रीत. लिहिण्यात मान खाली जात नाही, समोरच्याकडे बघून बोलता येतं. रात्री घरी बसून अर्धवट केसपेपर पुरे करणंही थांबलं. सर्दी-खोकल्याला चालूच करत नाही. त्या दोन ओळी हाताने लवकर होतात.

गोची नातेवाइकांची. आपल्याकडे पेशंट एकटा येतो कुठे? सासऱ्यांना घेऊन आलेली सून म्हणाली, "डॉक्टर, माझ्या वडिलांना याच वयात अटॅक आला होता, म्हणून धास्ती वाटते." नोटमध्ये हार्ट अटॅकची फॅमिली हिस्ट्री सासऱ्यांच्या नावावर! वाचलं म्हणून खोडलं, नाहीतर पुढच्या प्रत्येक डॉक्टरने ती खरी धरली असती.

दुसरी भानगड तपासणीची. मी तपासताना गप्प असायचो, आणि स्टेथो लावायच्या आधीच ॲप 'छाती साफ' लिहून मोकळं. हे फक्त माझ्याकडेच घडतं असं नाही. बोलणं ऐकून लिहून देणाऱ्या व्हिस्पर या एआय मॉडेलवरच्या 2024 च्या अभ्यासात रेकॉर्डिंगच्या सुमारे 1 टक्का तुकड्यांत कुणी न बोललेली वाक्यं सापडली होती, आणि बोलण्यात जास्त थांबे असले की हे प्रमाण वाढत होतं. त्यामुळे आता मी मोठ्याने बोलत तपासतो: "पायाला सूज नाही, लिव्हर हाताला लागत नाही." एक आजोबा तर विचारतात, "अजून काय काय नाही, तेही सांगा!"

प्रिस्क्रिप्शन मात्र त्याच्याकडून अजिबात नाही. 'ग्लिमेपिराइड एकची अर्धी', म्हणजे शुगरची 1 मिलिग्रॅमची अर्धी गोळी सांगितली, तर नोटमध्ये पूर्ण 1 मिलिग्रॅम. वयस्कर माणसाची शुगर उतरायला तेवढा फरक पुरतो.

रेकॉर्डिंग विचारूनच करतो. बहुतेक जण हो म्हणतात, पण सून औषधं आणायला बाहेर गेली की सासूबाई फोनकडे बोट दाखवतात, "ते जरा बंद करा." मग घरातलं खरं दुखणं बाहेर येतं, आणि ते मी कागदावरही मोजकंच लिहितो.

वर्गणी पुढच्या वर्षासाठी भरली आहे. ज्यांच्याकडे तासाला वीस पेशंट होतात, त्यांनी मात्र घेऊ नये. नोट वाचून दुरुस्त करायला वेळ लागतो, आणि न वाचता सही करणार असाल तर हातानेच लिहा.