काळं चामडं की तपकिरी, रंगाचा उठाव की मेळ: घोड्याच्या अंगरंगाला शोभेल असा साज आणि पोशाख

साज घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा स्वतःचा आवडता रंग मनात धरून निघतो. जांभळा आवडतो, म्हणून खोगिराखालचं पॅड जांभळं, घोड्याच्या पायांची बँडेजेस जांभळी, शर्टही जांभळा. पण नजर जाते ती आधी घोड्यावर. त्याचा अंगरंग बदलता येत नाही, आणि सुमारे अर्धा टन वजनाच्या जनावराच्या त्या रंगासमोर आपण घेतलेल्या वस्तू म्हणजे छोटे छोटे तुकडे. म्हणून निवड घोड्यापासून सुरू व्हायला हवी.

दुसरं, चामडं आणि कापड हे दोन वेगळे निर्णय आहेत. नीट तेलपाणी केलेलं खोगीर अनेक वर्षं टिकतं. पॅड, घोड्याची कानटोपी, बँडेजेस त्या मानाने लवकर विटतात. त्यामुळे चामड्याचा रंग शांतपणे आणि लांबचा विचार करून ठरवावा, हौस कापडावर भागवावी. घोड्याला स्वतःला यातलं फारसं काही कळत नाही. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे निळा आणि पिवळा त्याला वेगळे दिसतात, लाल-हिरव्यातला फरक मात्र जवळजवळ दिसत नाही. त्याला कळतं ते टोचणं, घासणं आणि उकडणं. म्हणून पुढची सगळी चर्चा नीट बसणाऱ्या साजाबद्दलच आहे. न बसणारं खोगीर कोणत्याही रंगात वाईटच.

काळं चामडं की तपकिरी?

बे, म्हणजेच तांबूस-तपकिरी अंगाच्या कुमैत घोड्याची आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा असतो. काळी ब्रायडल, म्हणजे डोक्यावरचा लगामाचा साज, या काळ्या भागांशी लगेच जोडली जाते आणि डोकं, मान, पाय एका सूत्रात येतात. गडद तपकिरी, म्हणजे हवाना रंगाचं चामडंही त्याच्यावर तितकंच शोभतं, फक्त परिणाम मऊ होतो. बे घोड्याच्या मालकाला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, त्याने रंगापेक्षा आपण कोणत्या प्रकारात उतरणार ते पाहावं. ड्रेसाजमध्ये, म्हणजे ठरलेल्या चालींच्या स्पर्धेत, काळ्या चामड्याचा रिवाज आहे, शैलीवर गुण मिळणाऱ्या हंटर प्रकारात तपकिरीचा, आणि जंपिंगमध्ये दोन्ही सर्रास दिसतात.

चेस्टनटचं, म्हणजे सर्वांगाने तांबूस घोड्याचं, गणित वेगळं आहे. त्याच्या केसांत काळं रंगद्रव्य तयारच होत नाही. आयाळ-शेपूटही तांबूस किंवा त्याहून फिकी असते. साहजिकच काळी ब्रायडल त्याच्या चेहऱ्यावर एकटी पडते आणि डोक्याचे तुकडे पाडल्यासारखी दिसते. डोकं सुबक असेल तर ते खपून जातं, जड असेल तर नजर तिथेच अडकते. चेस्टनटसाठी माझी पसंती निःसंशय हवानाला, पण चामडं अंगरंगापेक्षा निदान दोन छटा गडद हवं. अंगाच्याच रंगाचं फिकं टॅन चामडं लांबून दिसतच नाही, जवळून मात्र मळकट वाटतं. दुकानात तपकिरी चामडं पाहताना हेही लक्षात ठेवा, की तेल आणि घाम लागून ते काही महिन्यांत गडद होतं. दुकानातली छटा अखेरची नसते. लिव्हर चेस्टनट, म्हणजे यकृतासारखा गडद तांबडा घोडा, याला अपवाद आहे, तो काळं चामडं सहज पेलतो.

ग्रे घोडा विकत घेणाऱ्याने सर्वांत जास्त विचार करावा, कारण त्याचा रंग थांबत नाही. ग्रे घोडे बे, चेस्टनट किंवा काळे म्हणून जन्मतात आणि वर्षागणिक पांढरे होत जातात. एसटीएक्स१७ या जनुकातला यामागचा बदल 2008 मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढला. तरुणपणी पोलादी करडा, मग गोल ठिपक्यांचा, शेवटी जवळजवळ पांढरा, तर काहींच्या अंगावर बारीक तांबूस टिपके उमटतात. यातल्या प्रत्येक टप्प्यावर काळं चामडं टिकून राहतं, म्हणून तरुण ग्रेसाठी एकच संच घ्यायचा असेल तर काळा घ्यावा. पण घोडा तांबूस टिपक्यांचा झाला असेल, तर एकदा हवाना ब्रायडल घालून पाहाच. टिपक्यांचा रंग चामड्यात पुन्हा दिसतो आणि घोड्याचा चेहराच उबदार होतो. मला वाटतं, तपकिरी साज सर्वांत देखणा दिसतो तो इथेच, आणि फार थोडे लोक तो वापरून पाहतात.

काळ्या घोड्यावर काळा साज जवळजवळ नाहीसा होतो. त्यात एक रुबाब आहे. पण कपाळपट्टीवर पांढरी किंवा चंदेरी बारीक रेघ असेल तर डोकं उठून दिसतं. पॅलोमिनोवर, म्हणजे सोनेरी अंगाच्या आणि पांढऱ्या आयाळीच्या घोड्यावर, फिकं टॅन टाळा, गडद हवाना किंवा काळा घ्या. पांढऱ्या आणि गडद डागांच्या अबलख घोड्यावर दोन्ही चालतात, मात्र ब्रायडल निवडताना चेहऱ्यावरचे डाग कुठे आहेत ते पाहावं.

बकलांकडे कुणी बघत नाही, पण पितळी बकलं उबदार रंगांवर, म्हणजे चेस्टनट, पॅलोमिनो आणि मातकट पिवळसर डनवर शोभतात, तर स्टीलची ग्रे आणि काळ्यावर. एकाच ब्रायडलवर दोन्ही नकोत.

उठाव की मेळ?

कापड निवडायच्या दोन रीती आहेत. एक, घोड्याच्या रंगाविरुद्ध जाणारा रंग घ्यायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना उजळवतात. दुसरी, त्याच कुळातला गडद किंवा फिका रंग घ्यायचा, म्हणजे सगळं एकजीव दिसतं. उठाव लांबून आणि फोटोत जिंकतो. मेळ जवळून जिंकतो, आणि घोड्याची ठेवण साधारण असेल तर तिच्यावर पांघरूणही घालतो.

चेस्टनटवर उठावच घ्यावा. रंगचक्रावर केशरीच्या समोर निळा असतो, आणि चेस्टनट म्हणजे शेवटी गडद केशरीच. नेव्ही, मोरपंखी, पाचूसारखा हिरवा, यातला कोणताही घातला की अंगाची लाली पेटते. याउलट लाल, केशरी आणि भडक गुलाबी त्याच्या अंगाशी झगडतात, दोन्ही रंग मळके होतात. मेळच हवा असेल तर क्रीम किंवा गडद चॉकलेटी चालेल. पण हिरवा आधी घालून पाहा. लोक नेव्हीवर थांबतात, पण शेवाळी ते बाटली-हिरव्यापर्यंतचा पट्टा चेस्टनटवर नेव्हीपेक्षा सुंदर दिसतो, असं माझं ठाम मत आहे.

बे घोड्याला जवळपास सगळं चालतं. मेळासाठी बरगंडी, उठावासाठी गडद हिरवा किंवा निळा. एकच सावधगिरी हवी: हिवाळी केस कातरल्यावर बे बराच फिका, करडट दिसतो, आणि उन्हाळ्यात झळकणारा रंग तेव्हा त्याला आणखी निस्तेज करतो. वर्षभर चालेल असं एकच पॅड घ्यायचं असेल तर नेव्ही घ्या.

पांढरा झालेला ग्रे कोऱ्या कागदासारखा असतो, म्हणून त्याच्यावर सगळंच चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात फिके पेस्टल रंग त्याच्यावर विरघळून जातात. त्याला गडद, भरीव रंग हवेत: माणिक, शाई-निळा, जांभळा. ठिपक्यांचा ग्रे मात्र राखाडी-निळा किंवा लव्हेंडर अंगावर असा घेतो, की ठिपके जास्त स्पष्ट दिसू लागतात. म्हणजे एकाच घोड्याच्या आयुष्यात आधी मेळ आणि मग उठाव, असा क्रम येतो.

काळ्या घोड्याबाबत एक गैरसमज आहे. तो काळा असतो तो सावलीत. ऊन आणि घाम लागून बऱ्याच काळ्या घोड्यांच्या अंगावर तांबूस झाक येते, आणि गडद काळं पॅड शेजारी आलं की ती झाक उघडी पडते. अशा घोड्याला शाही निळा किंवा बरगंडी घाला. वर्षभर काळाभोर राहणाऱ्याला वाटेल तो गडद रंग शोभतो.

पॅलोमिनोसाठी जांभळा आणि फिरोजी घ्या, मोहरी आणि बेज मात्र अजिबात नको. डन आणि बकस्किनवर, म्हणजे फिक्या सोनेरी अंगाच्या पण काळ्या आयाळीच्या घोड्यावर, ऑलिव्ह, नेव्ही, बरगंडी. रोनच्या अंगात पांढरे केस मिसळलेले असतात, म्हणून किंचित धुरकट रंग त्याला बरे. अबलखावर नक्षी, चौकटी, पट्टे नकोत. नक्षी त्याच्या अंगावर आधीच आहे, पॅड एकरंगी ठेवा.

पांढरं पॅड की गडद?

पांढऱ्या पॅडचा मोठा फायदा दिसण्यापलीकडचा आहे. स्वारीनंतर ते उलटं करून पाहिलं की घामाचा आणि धुळीचा नकाशा समोर येतो: दोन्ही बाजू सारख्या ओल्या आहेत का, मध्येच एखादा कोरडा डाग आहे का. असा डाग पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल तर तिथे खोगीर जास्त दाबत असण्याची शक्यता असते आणि खोगीर तपासून घ्यायला हवं. गडद पॅडवर हे शोधावं लागतं. म्हणून रोजच्या सरावाला निदान एक पांढरं पॅड असावंच.

पण पांढरंशुभ्र पॅड फिक्या क्रीम रंगाच्या क्रेमेलोवर, पॅलोमिनोवर किंवा जुन्या ग्रेवर घातलं की घोडा पिवळट दिसतो. त्यांच्यासाठी ऑफ-व्हाइट घ्या. गडद पॅडची अडचण वेगळी: नवं लाल, मरून किंवा नेव्ही पॅड घामाने रंग सोडतं आणि ग्रेच्या पाठीवर डाग उमटवतं. वापरण्याआधी दोनदा वेगळं धुवा, मग ओला पांढरा रुमाल घासून खात्री करा. नवं काळं चामडंही असाच रंग सोडतं.

बँडेजच्या बाबतीत पांढरा रंग निर्दय आहे. तो नजर पायांवर खेचतो. घोडा मोकळा आणि एकसारखा चालत असेल तर त्याच्या चालीचं सोनं होतं, चालीत दोष असेल तर तोही ठळक होतो. अशा घोड्याला अंगरंगाच्या जवळची बँडेजेस बांधा. चारही पाय बे घोड्यासारखे काळे असतील तर काळी उत्तम.

स्वाराने घोड्याशी जुळवावं की वेगळं राहावं?

पॅड, बँडेजेस, कानटोपी, शर्ट, हेल्मेटची पट्टी, सगळं एकाच रंगात घेतलं की घोडाच मागे पडतो. मी पॅडचा रंग स्वाराच्या पोशाखात एकाच जागी, कॉलरवर किंवा हातमोज्यात, पुन्हा आणेन आणि बाकी शांत ठेवेन. क्रॉस-कंट्रीची, म्हणजे मोकळ्या रानातल्या अडथळ्यांवरून धावण्याच्या स्पर्धेची, गोष्ट निराळी. तिथे स्वतःचे रंग मिरवण्याची परंपरा आहे आणि वेगात तो भडकपणा शोभतो.

ब्रीचेस, म्हणजे स्वारीची घट्ट विजार, निवडताना स्वाराचा पाय घोड्याच्या कुशीवर टेकलेला असतो हे विसरू नका. पॅलोमिनोवर बेज ब्रीचेस घातल्या तर पाय दिसेनासा होतो. काळ्या घोड्यावर पांढऱ्या ब्रीचेस पायाची प्रत्येक हालचाल दाखवतात, चांगली तशी वाईटही. नवख्या स्वाराला अंगरंगाशी जवळीक असणारी मधली छटा जास्त सोसते. ग्रेच्या स्वारांनी रोजच्या वापराला काळ्या ब्रीचेस टाळाव्यात, केस गळायच्या ऋतूत त्या पांढऱ्या होतात.

जॅकेटसाठी चेस्टनटवर नेव्ही किंवा गडद हिरवं, बेवर नेव्ही किंवा चॉकलेटी, ग्रेवर काळं किंवा नेव्ही. राखाडी जॅकेट ग्रेवर मिसळून जातं. स्पर्धेत अर्थात नियम आधी. जंपिंगमध्ये ब्रीचेस पांढऱ्या किंवा अगदी फिक्या असण्याची रीत आहे, आणि जॅकेट-पॅडच्या रंगांवरची बंधनं प्रकारानुसार बदलतात. ज्या स्पर्धेत उतरायचं तिचं नियमपत्रक वाचूनच पैसे खर्च करा.

शेपटीला मात्र शोभेसाठी लाल फीत कधीही बांधू नका. घोडेस्वारांमध्ये तिचा अर्थ ठरलेला आहे: हा घोडा लाथ मारतो. हिरवी फीत म्हणजे घोडा किंवा स्वार अजून शिकाऊ.

रस्त्यावर घोडा न्यायचा असेल तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवा. तिथे फ्लोरोसंट पिवळं जाकीट आणि पायांना चमकत्या पट्ट्या, घोडा कोणत्याही रंगाचा असो. फ्लोरोसंट रंग दिवसाउजेडी काम करतो, अंधारात उपयोगी पडते ती प्रकाश परावर्तित करणारी पट्टी, म्हणून दोन्ही हवेत.

दोन रंगांत अडकलात तर

दोन्ही पॅड्स एकामागून एक घोड्यावर टाका, उन्हात वीस पावलं मागे जा आणि फोटो काढा. मग तेच फोटो फोनवर कृष्णधवल करा. ज्या फोटोत पॅड आणि अंग एकाच करड्या छटेत मिसळतं, तिथे उठाव नाही, मग रंगीत फोटोत तो कितीही गोड दिसो. उठाव हवा असेल तर दुसरं घ्या, मेळ हवा असेल तर हेच. सावलीतही एकदा पाहा, कारण नेव्ही तिथे काळं होतं आणि बाटली-हिरवाही.