बस्त्याच्या नावाखाली चार पैठण्या नेल्या, आणि पोलीस म्हणतात ‘अर्ज देऊन जा’

५४,२०० रुपये. येवल्याहून आणलेल्या चार हातमागाच्या पैठण्या, १८,५००, १४,२००, ११,६५० आणि ९,८५० च्या. भर दुपारी, माझ्या साड्यांच्या दुकानात मी आणि दोन मुलं कामाला असताना चोरीला गेल्या. आणि वर बस्त्याला म्हणून आलेल्या त्या चोर बायांनी ६५० ची एक साडी घासाघीस करून ६०० ला घेतली, रोख पैसे दिले, ‘येतो वहिनी’ म्हणून गेल्या. ते ६०० रुपये आठवले की अजून संताप होतो.

टोळ्या कशा येतात ते कापडवाल्यांना सांगायला नको. चार-पाच बायका, एक म्हातारी, कडेवर मूल. ऐन लगीनसराईत, बाजाराच्या दिवशी येणार, एकीला हे दाखव, दुसरीला ते. हे सगळं मलाही माहीत होतं. पण तालुक्याच्या गावात बस्त्याला येणारी खरी माणसंही अशीच येतात हो! घोळक्यानं, पोराबाळांसकट. प्रत्येकीकडे चोर म्हणून बघायला लागले तर दुकान बंद करावं लागेल.

खटकलं नव्हतं असं नाही. बस्त्याची माणसं गादीवर बसली की आधी भाव काढतात. आहेराच्या साड्या किती, मानपानाच्या किती, कितीपर्यंत बसवायचं हा हिशोब पहिला. यांनी भाव न विचारता थेट पैठण्या मांडायला लावल्या. ‘नवरी कुठाय?’ विचारलं तर ‘पार्लरला गेलीय’. आमच्याकडे अजून कितीतरी घरांत मोठी माणसंच बस्ता काढतात, म्हणून मी पुढे काही बोलले नाही. तिथेच पैठण्या आवरून ठेवायला हव्या होत्या. गादीवर पंधरा-वीस घड्या उलगडलेल्या, पोर रडायला लागलं, म्हातारी म्हणाली, ‘वहिनी, बाळाला घोटभर पाणी द्या.’ रडणाऱ्या लेकराला पाणी कोण नाही देणार? मी माठाकडे वळले, एक मुलगा वरच्या फळीवरचा शालू काढायला शिडीवर, दुसरा बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे. तेवढ्यात म्हातारीनं लंगोट बदलायच्या निमित्तानं आपली शाल ढिगावर पसरली. शालीखालून घड्या मागे बसलेलीच्या साडीत गेल्या. बहुतेक परकराला आतून पिशवी असणार. कॅमेऱ्यात नीट दिसतं, ती येताना झपझप पायऱ्या चढते आणि जाताना निऱ्या मुठीत धरून लहान लहान पावलं टाकते. उठणाऱ्या माणसाची चाल बघत जा. मोठा माल एका वेळी दोनच नग मांडा, तिसरा हवा तर पहिला घडी करून कपाटात. मुलं चिडतात, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, करू दे.

आता पोलीस ठाण्याची गोष्ट. पहिला प्रश्न, ‘बाई, तुमचं लक्ष कुठं होतं?’ मग ‘साड्याच गेल्यात ना, सोनं तर नाही’. मग प्रत्येक साडीचं वेगळं बिल आणा. विणकराच्या बिलात सगळा माल एकत्र असतो, आता त्यातून चार साड्या कशा वेगळ्या काढू? फुटेज दाखवलं तर यंत्रातली वेळ पाऊण तास पुढे निघाली, त्यावरच अडून बसले. म्हणाले, ‘आता नवीन कायद्यात चोरांना समाजसेवा करायला लावतात, गुन्हा नोंदवून काय मिळणार तुम्हाला?’ ही सरळ दिशाभूल आहे. समाजसेवा आहे ती ५,००० च्या आतल्या चोरीला, तीही पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं माल परत केला तर. दुकानासारख्या माल ठेवायच्या इमारतीतली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण शेवटी माझ्या हातात काय दिलं? तक्रार अर्जावर शिक्का मारलेली पोच. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे, हे डोक्यात पक्कं ठेवा. एफआयआरची प्रत फुकट मिळायला हवी. नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी टपालानं पाठवा, तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी अधीक्षकांना रजिस्टर पत्र टाकलंय.

विम्यावाल्यानंही हात झटकले. कुलूप तोडून चोरी झाली तर पैसे, गिऱ्हाईक म्हणून आत येऊन उचललं तर आमच्या पॉलिसीत बसत नाही. हप्ता घेताना हे कुणी बोललं नव्हतं. वर चोरीला गेलेल्या मालाचं जीएसटीचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट, परत करावं लागतं. माल गेला माझा आणि कर भरायचा मीच!

फुटेज त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढा, डिस्क भरली की जुनं पुसलं जातं. यंत्राची वेळ आजच तपासा. आणि संशय आला तरी बायांची झडती स्वतः घेऊ नका, ते महिला पोलिसाचं काम, उलट तुमच्यावरच गुन्हा पडेल. डोळ्यांसमोर चोरी करताना सापडली तर धरता येतं, पण लगेच, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर मी फुटेज टाकलं, तेव्हा शेजारच्या तालुक्यातल्या एकांचा फोन आला. तीच म्हातारी, तीच शाल, त्यांचे दोन शालू गेलेले, माझ्या आधी. ‘चारचौघांत कुठं सांगायचं’ म्हणून गप्प बसले. त्यांनी तेव्हा एक फोटो टाकला असता तर मी तिला पायरीवरच ओळखलं असतं.

म्हणून माझ्या चोरीला गेलेल्या मालाचं वर्णन नीट वाचून घ्या. वाइन रंग, मुनिया काठ. मोरपंखी, पदरावर बांगडी मोर. राणी कलर, नारळी काठ. चौथी पिवळी, पदरावर पोपट, काठ हिरवा. चारही साड्यांच्या आतल्या टोकाला निळ्या शाईत माझ्या हातानं लिहिलेली किमतीच्या कोडची चिठ्ठी टाचलेली आहे. चिठ्ठी काढली असली तरी टाचणीची दोन भोकं दिसतील. बिलाशिवाय कुणी विकायला आणली तर घेऊ नका, फोटो काढा आणि ग्रुपवर टाका.