राखमानिनोव्हच्या ‘ऑल-नाइट व्हिजिल’मधील नववे गीत

रशियन संगीतकार सर्गेई राखमानिनोव्हने 1915 मध्ये रचलेल्या ‘ऑल-नाइट व्हिजिल’ (रात्रप्रार्थना) या पंधरा समूहगीतांच्या रचनेचे अलेक्झांडर स्वेश्निकोव्ह यांच्या दिग्दर्शनाखाली 1965 मध्ये झालेले ध्वनिमुद्रण मला आजही सर्वांत प्रिय वाटते, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे त्यातील नववे गीत. येशूच्या पुनरुत्थानाची वार्ता सांगणाऱ्या या गीतात ‘झ्नामेनी’ या प्राचीन रशियन गानपरंपरेतील धून घेतलेली आहे. धृपद पुन्हापुन्हा परतते, मधल्या कडव्यांतून कबरीपाशी आलेल्या स्त्रियांची आणि देवदूताची कथा उलगडते, आणि अखेरच्या ‘अलेलुया’त साचलेला सारा आनंद मोकळा होतो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपासनेत वाद्ये वर्ज्य असल्याने लय आणि रंग यांचा संपूर्ण भार मानवी कंठांवरच आहे. ताल ठरावीक मात्रांत न बांधता शब्दांच्या ओघाने चालतो, त्यामुळे आनंद उसळतो, पण उथळ होत नाही. जुन्या तंत्रामुळे तारस्वर कुठेकुठे कर्कश वाटतात, हे खरे. मात्र खर्जातील पुरुषस्वरांचे असे वजन इतरत्र क्वचितच ऐकू येते. याच गीतातील सुरावट राखमानिनोव्हने 1940 च्या ‘सिंफॉनिक डान्सेस’ या वाद्यवृंद-रचनेच्या शेवटच्या भागात पुन्हा योजली, दोन्ही लागोपाठ अवश्य ऐकावीत.