झाडू-रोबो: सपाट फरशीवर उत्तम
आईचे गुडघे दुखतात म्हणून लेझरवाला रोबो घेतला. डोक्यावरचा फिरता लेझर भिंतींचं अंतर मोजतो आणि नकाशा बनवता बनवताच त्यात स्वतःची जागाही शोधतो. रोबोटिक्समधलं हे ‘स्लॅम’ तंत्र. 2002 साली आलेली पहिली रूम्बा (आयरोबोट कंपनीचा झाडू-रोबो) नकाशाशिवाय आपटत-वळत फिरायची; हा सरळ पट्ट्यांत जातो. पलंगाखालून काय धूळ काढली! तिथवर आमचा कुंचा कधी पोचलाच नव्हता. चटईचे दोरे मात्र ब्रशला गुंडाळतात, आणि स्वयंपाकघराचा उंबरठा त्याला चढवत नाही. दारात रांगोळी असेल तर ॲपमध्ये तेवढा भाग आधीच बंद करा, लेझरच्या पातळीखालचं त्या लेझरला दिसत नाही. उंबरठ्यांच्या जुन्या घरात नको. फ्लॅटमध्ये, वाकता न येणाऱ्या माणसांसाठी जरूर घ्या.