मेडेलिनचा मेट्रोकेबल: दोर चांगला, तिकीट त्याहून चांगलं

कोलंबियातल्या मेडेलिन शहराच्या मेट्रोकेबलची के लाइन 2004 साली सुरू झाली. डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना थेट मेट्रोशी जोडणारा, रोज कामावर जाणाऱ्यांचा रोपवे म्हणून तिचं नाव जगभर झालं. सेवा उत्तम आहे. पण कौतुक होतं ते दोराचं आणि केबिनचं. माझ्या मते या सेवेचा कणा तिची तिकीटव्यवस्था आहे.

शहर अबुर्रा नावाच्या अरुंद खोऱ्यात वसलंय. तळाला नदी आणि तिच्या काठानं 1995 पासून धावणारी मेट्रो. दक्षिणेला एल पोब्लादोसारखे सधन भाग, तर ईशान्येच्या खड्या चढावर पोपुलार आणि सांतो दोमिंगो साव्हियो. देशातल्या सशस्त्र संघर्षामुळं गाव सुटलेली आंतिओकिया प्रांतातल्या खेड्यांतली शेतकरी कुटुंबं आणि चोको प्रांताकडून आलेली आफ्रिकी वंशाची कुटुंबं, अशी कितीतरी माणसं अशा चढांवर येऊन राहिली आणि त्यांनी घरं स्वतःच्या हातांनी बांधली. कोलंबियात घरांची सहा स्तरांत वर्गवारी असते. खालच्या तीन स्तरांना वीज-पाण्याच्या बिलात सवलत मिळते, पाचव्या-सहाव्याला जादा भरावं लागतं. व्यवस्था गरिबाच्या सोयीसाठीच आहे. तरी नुसत्या पत्त्यावरून माणसाची ऐपत ओळखली जाते, हा तिचा मोठा तोटा.

के लाइन मेट्रोच्या आसेवेदो स्टेशनातून निघते आणि आंदालुसिया, पोपुलार करत सांतो दोमिंगोला पोचते. अंतर दोन किलोमीटरच्या आसपास, चढ सुमारे 400 मीटरचा. केबिनमध्ये दहा माणसं मावतात, आठ बसून आणि दोन उभी. दोर सेकंदाला पाच मीटरपर्यंत धावतो. ताशी एका दिशेला 3000 प्रवासी ही तिची क्षमता, म्हणजे साधारण दर बारा सेकंदांना एक केबिन. स्टेशनात शिरताना केबिनची पकड दोरावरून सुटते, केबिन रुळावर येऊन रांगत पुढं सरकते आणि दारं उघडतात. दोर मात्र त्याच वेगानं चालू असतो. म्हणूनच म्हाताऱ्या माणसालाही घाई न करता चढता येतं. व्हीलचेअर असेल तर कर्मचाऱ्याला आधी सांगावं.

आता तिकीट. मेट्रोतून के लाइनला बदलताना पुन्हा पैसे पडत नाहीत. बसच्या काळात वरच्या वस्तीतल्या माणसाला गाडी बदलली की दुसरं भाडं, हा हिशेब रोजचा होता. घरकाम करणाऱ्या किंवा बांधकामावर जाणाऱ्या माणसाच्या मजुरीतून जाता-येता दोन-दोन भाडी वजा होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. एकाच भाड्यात खोऱ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाता आलं, तेव्हा लांबचं काम परवडू लागलं.

सेवा यशस्वी होण्याचं दुसरं कारण म्हणजे दोरासोबत जमिनीवरही काम झालं. खांबांच्या आसपास पालिकेच्या नगरविकास कंपनीनं पायवाटा, ओढ्यांवरचे पूल आणि छोटे चौक बांधले. याच काळातलं सांतो दोमिंगोचं एस्पान्या वाचनालय 2007 साली मोठ्या थाटात उघडलं, पण बांधकामातल्या दोषांमुळं पुढं कित्येक वर्षं बंद राहिलं. वस्तीला देखणी इमारत दिली आणि तिच्या दर्जाकडं लक्ष दिलं नाही, याला क्षमा नाही.

उणिवा आहेतच. सगळ्या केबिन एकाच दोरावर असतात, त्यामुळं एक अडली की पूर्ण लाइन थांबते. विजांच्या कडकडाटात आणि जोरदार वाऱ्यात सेवा बंद ठेवतात. देखभालीसाठीही अधूनमधून बंद असते, तेव्हा बसनं जावं लागतं. पहाटे वरच्या स्टेशनात रांग लागते आणि केबिन वाढवून ती कमी होत नाही, कारण दोन केबिनमधलं सुरक्षित अंतर ठरलेलं असतं. मोठं सामान घेऊन जाणाऱ्या विक्रेत्याला केबिनचा उपयोग जवळपास नाहीच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फायदा स्टेशनापासून चालत जाता येईल एवढ्याच पट्ट्याला होतो. त्यापलीकडं पुन्हा पायऱ्या, आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला शंभर पायऱ्या म्हणजे दुसरा प्रवासच.

2008 साली सान हावियेर ते ला आउरोरा अशी जे लाइन आली. तिकडं वस्ती विरळ, म्हणून गर्दीही कमी. तंत्र तेच असलं तरी दाट वस्ती नसेल तर केबिन रिकाम्या फिरतात. रिओ दी जानेरोत आलेमाओच्या वस्त्यांवर 2011 मध्ये असाच रोपवे झाला आणि राज्याची तिजोरी आटल्यावर 2016 मध्ये बंद पडला. रोपवे उभारण्याआधी पुढच्या वीस वर्षांचा चालवण्याचा खर्च कोण देणार, हे कागदावर हवं. मेडेलिनमध्ये मेट्रो आणि रोपवे एकाच सार्वजनिक कंपनीकडं आहेत, त्यामुळं हा प्रश्न लोंबकळत राहिला नाही.

पाहायला जाणाऱ्यांनी सकाळी कामाला निघालेल्यांच्या आणि संध्याकाळी परतणाऱ्यांच्या वेळा टाळाव्यात. तुमची एक जागा म्हणजे कुणाचा तरी कामावर उशीर. केबिनमधून खालच्या घरांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, अंगणात बसलेली माणसं अगदी जवळून दिसतात. तिथं कॅमेरा बंद ठेवावा. सांतो दोमिंगोहून पुढं आर्वी उद्यानाकडं जाणारी एल लाइन 2010 सालची. ती पर्यटकांसाठी आहे आणि तिचं तिकीट वेगळं, तेव्हा मेट्रोच्या प्रवासकार्डात तेवढी रक्कम आधीच भरून ठेवावी.