पाटावर बसून वल्ही: कयाकिंगचा गेम आणि तीन हेडसेट, नऊ महिन्यांनंतर

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी मागच्या खोलीत, आजीचं शिवणयंत्र आणि गाद्यांचा ढीग यांच्यामध्ये सहा बाय पाच फुटांची मोकळी जागा आहे. गेल्या दिवाळीपासून आठवड्यातले तीन-चार दिवस, रात्री साडेनऊनंतर, मी तिथे बसून वल्ही मारतो. आजीचं मत पहिल्या दिवशीच ठरलं: “हा हवेत ताक घुसळतोय.” वर तिनं एक पुस्ती जोडली, “ताक घुसळताना रवीला ओढ तरी लागते.” नऊ महिने आभासी जग (व्हीआर) दाखवणारे तीन हेडसेट डोक्यावर चढवून-उतरवून मी शेवटी आजीच्या त्या पुस्तीपाशीच येऊन थांबलोय.

गेम म्हणजे ‘कयाक व्हीआर: मिराज’. नेदरलँड्समधल्या बेटर दॅन लाइफ या छोट्या स्टुडिओचा. 2022 मध्ये तो स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात आला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर2 हेडसेट बाजारात आला त्याच दिवशी त्यावरही. गोळीबार नाही, गोष्ट नाही. कोस्टा रिका, नॉर्वे, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया अशी पाण्याची ठिकाणं, ऊन-संध्याकाळ-रात्र-वादळ असे हवामानाचे पर्याय, मनात येईल तसं भटका नाहीतर घड्याळाशी शर्यत लावा. बस, एवढंच. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या इंदूरकराला याचं वेड का लागावं? 2023 च्या सुरुवातीला खेलो इंडियाच्या स्लॅलम शर्यती (खळाळत्या पाण्यात टांगलेल्या खांबांमधून नाव काढायची) महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेत झाल्या, त्या काठावर बसून पाहिल्या होत्या. तेव्हापासून डोक्यात किडा होता. एरवी आमच्याकडे नर्मदा येते ती जलूदहून पंपानं चढून, नळातून. तिच्यात नाव घालायची सोय नाही.

सुरुवात मेटाच्या क्वेस्ट 2 हेडसेटवर केली. दुबईहून परतलेल्या मित्राकडून जुना घेतला, सोबत माझा आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्डाचा पीसी. पहिल्या रात्री कोस्टा रिकात शिरलो आणि वीस मिनिटं तोंडातून शब्द निघाला नाही. तळ दिसतो, वल्ह्यावरून पाणी ठिबकतं, मागे वळून पाहिलं तर आपल्याच नावेची रेघ पाण्यावर उमटलेली. एकविसाव्या मिनिटाला पोट ढवळलं. त्या दिवशी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत तळलेला गराडू (कंद) खाऊन आलो होतो, त्यामुळे दोष नक्की कोणाचा ते सांगत नाही.

पण मळमळीचं एक कारण सापडलं, आणि नवीन माणसाला ते कोणी सांगत नाही. मी ऑफिसच्या फिरत्या खुर्चीवर बसत होतो. उजवीकडून वल्हं ओढलं की कंबर वळते आणि तिच्याबरोबर खुर्चीही पाच-दहा अंश फिरते. डोळ्यांपुढची नाव एकीकडे, बूड दुसरीकडे. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेनं कोणावर विश्वास ठेवायचा? खुर्ची काढली, जेवणाचा लाकडी पाट घेतला, त्यावर उशी, पाय पुढे पसरून गाद्यांच्या ढिगाला टेकवलेले. खरा कयाकर असाच बसतो. मळमळ निम्म्यावर आली. उरलेली आठवड्याभरात सवयीनं गेली, फक्त अंटार्क्टिकाच्या वादळात अजूनही दहा मिनिटांवर मी जात नाही. हेडसेटवर पैसे घालण्याआधी पाट शोधा, तो घरात असतोच.

जानेवारीत क्वेस्ट 3 घेतला. एका डोळ्याला 1832 बाय 1920 पिक्सेल होते, ते 2064 बाय 2208 झाले. कागदावर फरक किरकोळ वाटतो. खरा फरक भिंगांचा आहे. क्वेस्ट 2 ची फ्रेस्नेल (गोल खाचांची) भिंगं मधोमध स्पष्ट आणि कडेला धूसर; क्वेस्ट 3 ची पॅनकेक भिंगं जवळजवळ कडेपर्यंत स्वच्छ. वल्हवताना नजर सतत डाव्या-उजव्या पात्याकडे जाते, त्यामुळे या गेममध्ये हे जास्तच जाणवतं. आधी पातं पाण्यात नीट पडलं का ते पाहायला मान वळवायचो, आता नुसते डोळे वळवतो. चष्माही आता भिंगाला टेकत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही क्वेस्टमध्ये सारखी: पीसीवरचं चित्र त्यांच्याकडे व्हिडिओ म्हणून दाबून येतं, वायरनं जोडा की वायफायनं. आणि पाणी हा व्हिडिओ दाबण्याचा सर्वांत मोठा शत्रू. भिंत स्थिर असते, तिची माहिती एकदा पाठवली की भागतं. उन्हात चमकणाऱ्या लाटेचा प्रत्येक ठिपका दर क्षणी बदलतो. दुसऱ्या गेममध्ये जे सेटिंग उत्तम चालतं, त्याच सेटिंगवर इथे दूरचं पाणी साबुदाण्याच्या खिचडीसारखं गोळे-गोळे दिसायला लागतं. पीसी राउटरला लॅन केबलनं जोडला, राउटर त्याच खोलीत आणला, 5 गिगाहर्ट्झवर हेडसेट एकटा ठेवला, बिटरेट (सेकंदाला जाणारी माहिती) 200 मेगाबिटपर्यंत चढवला, तेव्हा कुठे गोळे विरघळले. एव्ही1 ही व्हिडिओ दाबायची नवी पद्धत वापरता आली असती तर आणखी सुधारलं असतं, पण त्यासाठी एनव्हिडियाचं निदान 40 मालिकेचं कार्ड लागतं आणि माझं 3060. इंटरनेट गेलं तरी यातलं काही अडत नाही, हे आमच्या गल्लीतल्या केबलवाल्यानं मला आठवड्यातून एकदा तरी सिद्ध करून दाखवलंय.

मार्चमध्ये आतेभाऊ तीन महिन्यांसाठी प्रकल्पावर गेला आणि त्याचा प्लेस्टेशन 5 (पीएस5) व व्हीआर2 माझ्याकडे आला. “दादा, जपून वापरीन,” म्हणून शपथ घेतली होती. जपून वापरला, पण भरपूर वापरला.

पहिला धक्का काळ्या रंगाचा. क्वेस्टचे पडदे एलसीडी, त्यात रात्र म्हणजे राखाडी धुकं. व्हीआर2 चा पडदा ओएलईडी. नॉर्वेत रात्री दोन कड्यांमधून जाताना मी आपोआप हळू वल्हवायला लागलो, कारण पुढे खरोखर काळोख होता. भिंगं इथे पुन्हा फ्रेस्नेल, हेडसेट जरा सरकला की चित्र पुसट होतं, आणि अंधारात बारीक दाणेदार जाळी दिसते. 560 ग्रॅम वजन आणि मागे लोंबणारी वायर. क्वेस्ट 3 त्याहून फार हलका नाही, 515 ग्रॅमचा, पण तो सगळा भार चेहऱ्यावर टाकतो आणि व्हीआर2 चा पट्टा तो कपाळावर घेतो. एका तासानंतर गालांना हा हिशोब कळतो.

पण मुद्दा पडद्याचा नाहीच. पातं पाण्यात शिरतं त्या क्षणी व्हीआर2 च्या कंट्रोलरमध्ये एक बारीक, सरकत जाणारी थरथर येते, ओढताना ती वाढते, बाहेर काढताना विरते. क्वेस्टचे कंट्रोलरही थरथरतात, पण ते मोबाइल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखं. इथे पाण्याला पोत होता. आजीची रवी आठवली. ओढ नव्हती, पण ओढीची चाहूल होती, आणि तेवढ्यावर माझी वल्हवायची रीत बदलली. मी पातं आधी पूर्ण बुडवून मग ओढायला लागलो. क्वेस्टवर चार महिने अर्धवट बुडवून हवा मारत होतो, मला पत्ताच नव्हता.

मग हव्यास सुटला. व्हीआर2 पीसीला जोडायचा अडॅप्टर 2024 मध्ये आलाय, तो मागवला. त्याला डिस्प्लेपोर्ट 1.4 ची वायर वेगळी घ्यावी लागते आणि पीसीत ब्लूटूथ नसेल तर तेही. चित्र क्वेस्टसारखं व्हिडिओ म्हणून न दाबता थेट येतं, साबुदाणा साफ गायब. पण पीसीवर ती नाजूक थरथर मिळत नाही, साधी गुरगुर तेवढी उरते. एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक), नजरेचा माग, हेडसेटचं स्वतःचं कंपन, ट्रिगरचा विरोध, हे सगळंही जातं. हे आधी वाचलं होतं, तरी म्हटलं, चित्र सुधारेल ना! चित्र सुधारलं. दोन दिवसांत हेडसेट निमूटपणे पीएस5 ला परत जोडला.

त्याआधी फेब्रुवारीत चुलतबहिणीच्या लग्नाला भोपाळला गेलो होतो. तिच्या दिराच्या ओळखीनं बड्या तलावात अर्धा तास खऱ्या कयाकमध्ये बसायला मिळालं, जीवरक्षक जाकीट घालून, शिकवणारा शेजारच्या नावेत. (ग्वाल्हेरची पॅरा-कयाकपटू प्राची यादव भोपाळमध्येच सराव करून टोकियो पॅरालिम्पिकच्या अंतिम फेरीत गेली आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली. तिथे मी जे केलं त्याला वल्हवणं म्हणावं का, हा वेगळा प्रश्न.) गेमनं काय शिकवलं होतं? वळायचं तर पातं लांब कमान काढत मारायचं, थांबायचं तर उलटं, हे हाताला आपोआप आलं. शिकवणाऱ्यानं विचारलंसुद्धा, “पहले किया है क्या?” आणि काय शिकवलं नव्हतं? पाय. खऱ्या नावेत टाच टेकायला जागा असते, तिथून जोर कंबरेत, कंबरेतून खांद्यात येतो. मी नुसत्या दंडांनी ओढत होतो; दहा मिनिटांत हात गळून पडले. पाणी जड असतं हो. तलावाचं शांत पाणीसुद्धा.

परत आल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंची पीव्हीसी पाइप आणला, दोन्ही टोकांना कंट्रोलर वेल्क्रोनं बांधले. खरं वल्हं सव्वादोन मीटरच्या आसपास असतं, तेवढं केलं तर शिवणयंत्राला धडकतं, म्हणून सव्वा मीटरवर भागवलं. हातांमधलं अंतर पक्कं झालं, गेममधलं वल्हं मधेच वेडंवाकडं होईना. मग शहाणपण सुचलं आणि वजनासाठी पाइपमध्ये वाळू भरली. तीन दिवसांनी उजवा खांदा धरला. वजन म्हणजे ओढ नव्हे, हे भौतिकशास्त्र मला फिजिओथेरपिस्टनं शिकवलं: वाळू उचलताना त्रास देते, ओढताना नाही. वाळू कुंडीत गेली, पाइप राहिला. पायांसाठी गाद्यांच्या जागी भिंतीला टेकून दोन विटा ठेवल्यात. त्याचा उपयोग वाळूपेक्षा कितीतरी जास्त झाला.

मे महिन्यात इंदूरच्या उकाड्यात दुपारी खेळू नका. भिंगांवर वाफ धरते, फोम घामानं भिजतो. पंखा समोरून लावला की घाम सुकतो आणि अंटार्क्टिकाचा वारा फुकट मिळतो, ही या लेखातली सर्वांत स्वस्त सूचना.

जूनमध्ये दादा पीएस5 घेऊन गेला. आता रोजचा वापर क्वेस्ट 3 चा, कारण उचलला की दोन मिनिटांत पाण्यात. चांगला हेडसेट कोणता विचाराल तर व्हीआर2, फक्त पीएस5 ला जोडलेला. विकत कोणता घेऊ विचाराल तर तुमच्याकडे पीएस5 आधीपासून आहे का त्यावर ठरवा. फक्त या एका गेमसाठी दोन्ही घेण्याइतका तो मोठा नाही. ठिकाणं मोजकी आहेत आणि दोन महिन्यांत कडे-कपारी पाठ होतात. मला ते चालतं. रोज त्याच बागेत फिरणारे लोकही असतात.

आणि क्वेस्ट 2 विकायचा का असं दोघांनी विचारलंय. विकायचा नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काकांना चालायचा कंटाळा आला होता. ते खुर्चीत बसून सकाळी पंधरा मिनिटं कोस्टा रिकात जातात. फिरत्या खुर्चीत नाही.