रिळावर ब्रेडेड लाईन भरणं : नारळी पौर्णिमा ते शिमगा, एका मोसमाचा अनुभव

ब्रेडेड लाईन, म्हणजे गळाची विणलेली दोरी, चांगली की वाईट, यावर बंदरावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. माझ्यापुरता हा वाद या मोसमात मिटला. लाईन कुठली घेतली यापेक्षा ती रिळावर कशी भरली, यावरच बहुतेक सगळं ठरतं. हे मी ठामपणे म्हणतोय, कारण एकाच कंपनीची, एकाच जाडीची लाईन यंदा दोन रिळांवर होती. एक रीळ मी घरी भरलं, दुसरं पुतण्याने दुकानातच मशीनवर भरून घेतलं. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळला तेव्हापासून आता शिमग्यापर्यंत दोन्ही रिळं शेजारीशेजारी, त्याच कातळांवरून चालली.

सामान असं: ४००० साइजचं स्पिनिंग रीळ, नऊ फुटी रॉड, आठ पदरी लाईन, पीई २, म्हणजे जाडी साधारण ०.२३ मिमी, लांबी १५० मीटर. रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत जिताड्यासाठी आणि भगवती बंदराकडच्या कातळांवर तांबोशी, गोबऱ्यासाठी.

ही लाईन ज्या तंतूची विणतात तो पॉलिथिलीनच्याच घराण्यातला, डायनीमा आणि स्पेक्ट्रा या नावांनी विकला जाणारा. ताकद जबर, ताणली तरी जवळपास लांबत नाही, पाण्यापेक्षा हलकी, आणि बेफाम गुळगुळीत. रिळावर जो काही त्रास होतो तो या शेवटच्या गुणामुळे. तंगूस, म्हणजे साधी एकसंध नायलॉनची लाईन, धातूच्या स्पूलला (रिळाच्या ज्या चक्रीवर लाईन गुंडाळतात तिला) आवळून धरते. ब्रेडेड धरत नाही.

पुतण्याच्या रिळावर हे दिवाळीच्या सुमारास कळलं. तांबोशीने चारा घेतला आणि सरळ कपारीकडे डोकं घातलं. अशा वेळी पहिल्या काही क्षणांत तिला वर ओढली नाही तर लाईन दगडाला घासून तुटणारच. तो ड्रॅग, म्हणजे लाईन किती जोराने सुटेल ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, आवळतोय आणि ओरडतोय, "काका, ड्रॅग आवळलाय तरी लाईन चाललीय!" मी जवळ जाऊन पाहिलं तर स्पूल जागच्या जागी थांबलेला, आणि त्याच्यावरची अख्खी लाईन सैल बांगडीसारखी गरगर फिरत होती. तांबोशी अर्थातच गेली. दुकानात लाईनचं टोक थेट कोऱ्या स्पूलला बांधून मशीनने भराभर गुंडाळलं होतं. गाठ घट्ट होती, पण गाठीसकट सगळं फिरत होतं.

यावर दोन उपाय चालतात. स्पूलवर आधी चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा, किंवा तळाला तंगूस भरायची. काही नव्या स्पूलवर रबराची पट्टी असते, तिथे यातलं काही करावं लागत नाही. मी तंगूसवाला आहे. आपल्याकडच्या उन्हात चिकटपट्टीचा गोंद पाघळतो, आणि खारं पाणी आत शिरलं की ती सुटायला लागते. शिवाय तळाला तंगूस असली की महागडी ब्रेडेड १५० मीटरवर भागते, ३०० घ्यावी लागत नाही.

तंगूस किती भरायची? जाडीचा वर्ग गुणिले लांबी, एवढं गणित पुरतं. माझ्या स्पूलवर ०.३३ मिमी, २०० मीटर असं छापलंय, म्हणजे त्या जाडीची तेवढी लाईन त्यावर मावते. ०.३३ चा वर्ग ०.१०९, गुणिले २०० म्हणजे साधारण २१.८. ब्रेडेडचं ०.२३ चा वर्ग ०.०५३, गुणिले १५०, म्हणजे ८ च्या आसपास. उरले १३.८, भागिले ०.१०९, म्हणजे तीच ०.३३ ची तंगूस सव्वाशे मीटर. ब्रेडेडच्या वेष्टनावरची जाडी नेहमी खरी नसते, त्यामुळे थोडं कमीजास्त होणार. गणित नको असेल तर एक रिकामा स्पूल घ्या: आधी ब्रेडेड भरा, तिच्यावर काठापर्यंत तंगूस भरा, आणि मग सगळं उलटवा. मेहनत दुप्पट, पण माप बिनचूक.

तंगूस आणि ब्रेडेड मी डबल युनी गाठीने जोडली. ब्रेडेडच्या बाजूने आठ वेढे, तंगूसच्या बाजूने चार, गाठ ओली करून मग आवळायची. ब्रेडेडच्या बाजूने वेढे कमी पडले तर ती घसरून बाहेर येते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे ताण. याबाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. रॉडचा फक्त खालचा तुकडा घेतला, रीळ बसवलं, लाईन पहिल्या रिंगमधून ओवली. नवी लाईन ज्या चक्रीवर येते ती अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवली, मग पेन्सिलीवर चढवली. बायकोने पेन्सिल धरली, आणि मी रीळ फिरवताना रिंगच्या पुढे लाईन डाव्या हाताने ओल्या फडक्याच्या घडीत दाबून धरली. घडी जाडच हवी. कोरडी ब्रेडेड ताणाखाली बोटांतून सरकली की चामडी कापते, आणि घर्षणाने तापते ते वेगळं. या तंतूला उष्णता सोसत नाही, साधारण १४५ अंश सेल्सिअसला तो वितळतो. भरून झाल्यावर अंगठ्याचं नख लाईनवर दाबून पाहा. टणक लागली पाहिजे. नख रुतलं तर सगळी काढा आणि पुन्हा भरा, कंटाळा करू नका.

कंटाळा केला तर काय होतं, तेही सांगतो. गळ दगडात अडकला की आपण जोर लावून ओढतो. त्या जोराने वरचा वेढा खालच्या सैल वेढ्यांमध्ये सुरीसारखा रुतून बसतो. वरून काही दिसत नाही. पुढच्या फेकीत आमिष वीस-पंचवीस मीटर गेलं की लाईन खाडकन थांबते, आणि लिडरची (लाईनच्या टोकाला जोडलेल्या जाड तंगूसच्या तुकड्याची) गाठ तुटून आमिष एकटंच समुद्रात उडत जातं. दुकानात भरलेल्या रिळावर हे पुन्हापुन्हा झालं. डिसेंबरात आम्ही तेही रीळ उकललं, तळाला तंगूस घातली, ओल्या फडक्याने पुन्हा भरलं. त्यानंतर एकदाही नाही. लाईन तीच, रीळ तेच, माणूसही तोच.

काठापासून किती अंतर ठेवायचं यावर मतभेद आहेत. मी दोन मिलिमीटर ठेवतो. काठोकाठ भरली तर फेक थोडी लांब जाते, हे खरं, पण एकाच वेळी तीन-चार वेढे उसळून बाहेर येतात आणि रिंगेत गुंता बसतो. सकाळी मतलई मागून असते तोवर ठीक चालतं. दुपारी खारे वारे आडवे आले की ही हलकी लाईन हवेत कमान धरते, आणि सैल वेढे रिळावर जातात. फेकल्यावर बेल, म्हणजे रिळावरची तारेची कमान, हाताने पाडा, लाईन बोटात धरून एकदा ताणा, मगच हँडल फिरवा. गुंता झालाच तर ओढू नका. सुईच्या टोकाने वेढे मोकळे करत गेलं तर बहुतेक वेळा सुटतो.

लाईनविषयी म्हणाल, तर दगडाला लागून येणारी ओढ आणि शेंगाळ्याचं तोंड लावणं यातला फरक आता हाताला कळतो, तंगूसवर कळत नव्हता. पण लाईन लांबत नसल्यामुळे झटक्याचा सगळा भार गाठीवर आणि माशाच्या जबड्यावर येतो, म्हणून ड्रॅग तंगूसपेक्षा जरा हलका ठेवतो. कालवं लागलेल्या कातळावर आठ पदरी लाईन लवकर हार खाते. तिचा एकेक पदर बारीक असतो, एक तुटला की कुसं निघतात. दीड मीटरचा जाड तंगूसचा लिडर म्हणूनच लागतो, आणि तो एफजी गाठीने जोडला की रिंगांतून न अडकता जातो. फक्त कातळावरच गरवायचं असेल तर मी पुढच्या वेळी चार पदरी घेईन. फेकताना आवाज करते, खरखरीत लागते, पण घासणं जास्त सोसते. खाडीसाठी मात्र आठ पदरीच.

रंग महिन्याभरात उडाला, ताकदीत फरक जाणवला नाही. पुढची वीसेक मीटर मात्र आता पिंजारलीय. ती कापून टाकताना तुकडे कातळावर सोडू नका, खिशात घालून घरी आणा. हा धागा कुजत नाही, आणि आपल्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

विणीत खारं पाणी साचून राहतं, तंगूसमध्ये तसं होत नाही. घरी आल्यावर ड्रॅग आवळून रिळावर गोड्या पाण्याची बारीक धार सोडायची, मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवायचं. ड्रॅग उघडा ठेवून धुतलं तर पाणी आतल्या चकत्यांत जातं. डिसेंबरात पुतण्याच्या स्पूलची लाईन काढली तेव्हा तळाच्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली होती. माझ्याही स्पूलवर असेल का, ते लवकरच कळेल. पावसाळ्याआधी पूर्ण लाईन काढून उलटी भरायची आहे, म्हणजे तळाची कोरी बाजू वर येईल आणि पिंजारलेली खाली जाईल. तंगूस मात्र नवी घालणार, ती स्वस्त आहे.